बागलाण बघायचं तर मुक्काम करा

"पहाटे नाशिकहून निघालो तर साल्हेर करून रात्री घरी पोचू का?" २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात साल्हेरचं नाव आलं आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच. उत्तर असं की पोचाल. पाय भरून येतील, फोटो मिळतील, रात्री अकराला दाराचं कुलूप उघडाल. पण बागलाण, म्हणजे सटाण्याभोवतीचा हा डोंगरी मुलूख, बघितलं असं काही म्हणता येणार नाही.

माझं माहेर सटाणा तालुक्यातलं, सासर नाशिकचं. गाडी मी स्वतः चालवते. हा सगळा मुलूख आधी नानांबरोबर एसटीने आणि पायी बघितला, आता भावाबरोबर, मुलींबरोबर बघते. म्हणून सांगते, किमान तीन रात्री काढा. मुक्काम एकाच गावात ठेवा आणि रोज एकच डोंगर चढा. एका दिवसात दोन-तीन किल्ले उरकायचा बेत इथे कामाचा नाही, कारण इथले डोंगर आडदांड आहेत, गावं लांब लांब आहेत आणि जेवण सावकाश शिजतं.

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तरेला जिथे सुरू होते, तिथेच पूर्वेकडे दोन फाटे फुटतात. एक सेलबारी, दुसरी डोलबारी. सेलबारीवर मांगी-तुंगी, न्हावीगड, तांबोळ्या. डोलबारीवर साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड. दोन्हींच्या मधून मोसम नदी पूर्वेला मालेगावकडे जाते आणि गिरणेला मिळते. पश्चिमेला डोंगर उतरलं की गुजरातचा डांग. सुरतेच्या बंदरातून दख्खनेत येणारा माल याच खोऱ्यातून यायचा, म्हणून इतके किल्ले इतक्या जवळजवळ उभे आहेत. मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी होती. १६३८ मध्ये औरंगजेबाने ते राज्य मोगलाईत घेतलं. आज मात्र या डोंगरांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी गुराख्याशिवाय कुणी भेटत नाही. साल्हेरवर रविवारी गर्दी होऊ लागली आहे, तेवढा एक वार टाळा.

कधी निघायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. सप्टेंबरच्या शेवटी पठारांवर सोनकी फुललेली असते आणि डोंगर बघायला त्याहून सुंदर वेळ नाही, पण कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि साल्हेरचा माथा दिवसदिवस धुक्यात जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात, स्वेटर आणि कानटोपी हवीच. एप्रिल-मेमध्ये चढाई करायची तर पहाटे पाचला पायऱ्यांवर असायला हवं, नऊनंतर कातळ तापतो.

दोन मुहूर्त मी मुद्दाम सांगते. कोजागिरीला मुल्हेर गावात उद्धव महाराजांच्या मंदिरात रासक्रीडा होते. मोठं लाकडी चक्र सजवून वर चढवतात आणि रात्रभर भजनं चालतात. तिथे जायचं तर गाडी गावाबाहेर लावा आणि रात्रीच्या झोपेची आशा सोडा. दुसरा मुहूर्त मार्गशीर्षातला. तेव्हा कोकणा आणि भिल्ल आदिवासींच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेव बसतो. उपास धरलेली माणसं पावरी या वाद्याच्या सुरावर गावोगाव नाचत फिरतात आणि शेवटी डोंगराच्या कपारीशी रात्र जागवतात. रस्त्यात असा मेळा दिसला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तो देवाचा कार्यक्रम आहे. विचारल्याशिवाय मोबाइल वर धरू नका आणि पायातल्या बुटांनिशी रिंगणात जाऊ नका. अदबीने विचारलं तर लोक स्वतःहून बोलावून बसवतात.

नाशिक ते ताहाराबाद

मुंबई-आग्रा महामार्गाने निघायचं. पिंपळगाव बसवंत मागे पडलं की वडाळीभोई लागतं. इथून डावीकडे धोडांबे आणि पुढे हट्टी, म्हणजे धोडपचा पायथा. धोडप लांबूनच ओळखू येतो: माथ्याच्या एका बाजूला कातळाची सरळ भिंत निघालेली आणि त्या भिंतीला मध्येच आरपार खाच. लाव्हारस जमिनीच्या भेगेत घुसून थिजला, भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि ही भिंत मागे राहिली. याच धोडपच्या परिसरात १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना गाठून हरवलं. पहिल्याच दिवशी गड चढायचा हट्ट नको, पण धोडांब्यातलं वटेश्वराचं जुनं दगडी मंदिर बघायला अर्धा तास काढा. खांबांवरचं कोरीवकाम नीट बघायचं तर सकाळचं ऊन हवं.

परत महामार्गाला येऊन चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला डावीकडे वळा. भावडबारीचा छोटा घाट उतरला की देवळा, मग लोहोणेर, गिरणेवरचा पूल आणि पलीकडे ठेंगोडा. ठेंगोड्याचा गणपती नदीकाठी आहे, आमच्याकडचा कुणीही तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. मग सटाणा. नाशिकपासून हे साधारण नव्वद किलोमीटर, न थांबता दोन-सव्वादोन तास.

सटाण्यात तीन कामं उरकायची. पेट्रोलची टाकी पूर्ण भरायची, पुढे ताहाराबादनंतर भरवसा धरू नये. बँकेतून शंभर-पन्नासच्या नोटा काढायच्या, कारण डोंगरातल्या पाड्यावर रेंज गेली की मोबाइलचे पैसेही गेले. आणि देवमामलेदारांच्या मंदिरात जायचं. यशवंतराव भोसेकर हे इथले मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांना वाटून टाकला, आणि लोकांनी त्यांना देव केलं. सरकारी अधिकाऱ्याचं मंदिर आणि त्याची वर्षाला मोठी यात्रा, असं मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही. माझ्या आजीने मला कथा सांगितल्या त्या याच मामलेदाराच्या, म्हणून मला या मंदिराबद्दल जास्त वाटत असेल, पण तुम्ही जा.

सटाण्याहून ताहाराबाद आणि तिथून डावीकडे मुल्हेरचा रस्ता. दोन्ही बाजूंना कांदा, डाळिंब, द्राक्षं. इथली द्राक्षं बाकी नाशिक जिल्ह्याच्या आधी तयार होतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात बागांत तोड चालू दिसेल. डाळिंबाच्या काही बागा ओस दिसतील, ती तेल्या रोगाची करणी. बागेत शिरून घड तोडू नका. बांधावर उभं राहून विचारलं तर मालक स्वतः हातात देतो.

गाडी चालवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर पहाटेच बाजार समितीकडे निघतात, सटाण्याला, नामपूरला, उमराण्याला. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात या रस्त्यांवर चाळीसच्या वर जाऊ नका, आणि शक्य असेल तर सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचा.

मुक्काम कुठे

साधी, स्वच्छ लॉज सटाण्यात मिळते, पण तिथून रोज डोंगराकडे ये-जा करण्यात दोन तास जातात. मांगी-तुंगीच्या पायथ्याला भिलवाडला जैन धर्मशाळा आहेत. खोल्या चांगल्या, जेवण शुद्ध. पण कांदा-लसूण नाही, रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी, आणि मांस-मद्याला अजिबात थारा नाही. हे पाळायची तयारी असेल तरच राहा.

माझी पसंती मुल्हेर किंवा साल्हेरवाडी. या गावांत गड चढायला येणाऱ्यांना ओसरीवर, घरात जागा देणारी माणसं आहेत. गावात पोचल्यावर चहाच्या टपरीवर बसा आणि विचारा, "रात्री राहायची आणि जेवायची सोय कोण करतं?" पाच मिनिटांत कुणीतरी तुम्हाला घरी घेऊन जातं. सतरंजी-चादर, उशी स्वतःची न्या. पैसे आधी विचारून ठरवा आणि निघताना घासाघीस करू नका. ज्या बाईने तुमच्यासाठी पहाटे चूल पेटवली तिच्याच हातात पैसे द्या, हे मी आवर्जून सांगते.

पहिला डोंगर: मुल्हेर

आधी मुल्हेर करावा, कारण तो पायांना तयार करतो. गावातून तासाभरात माचीवर पोचता येतं. वाटेत दरवाजांचे अवशेष, झाडीत हरवलेले चौथरे. माचीवर तळ्याच्या काठी गणपतीचं मंदिर आहे, दगडी खांबांचं, समोर पाणी. थोडं पुढे झाडीत सोमेश्वर महादेव. राजधानी होती म्हणजे केवढी वस्ती असेल याचा अंदाज या माचीवर फिरताना येतो. पायाखाली सगळीकडे खापऱ्या आणि घडीव दगड आहेत. ते तिथेच राहू द्या.

माचीवरून बालेकिल्ल्याची चढाई उभी आहे, वर पाण्याची टाकी आणि भडंगनाथाचं मंदिर. एका बाजूला मोरा, दुसऱ्या बाजूला हरगड. दम असेल तर मधल्या खिंडीतून मोरा करता येतो, नसेल तर गणपतीसमोर डबा खाऊन खाली या आणि संध्याकाळी हरणबारी धरणावर जा. पाण्यात उतरू नका, काठ गाळाचा असतो.

दुसरा डोंगर: साल्हेर

उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईनंतरचं हे सर्वांत उंच शिखर, आणि किल्ल्यांमध्ये पहिला नंबर. दोन वाटा आहेत. साल्हेरवाडीची वाट थेट चढते, वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत जाते. मी सांगेन, वाघांब्याने चढा आणि साल्हेरवाडीत उतरा. त्यासाठी गाडी साल्हेरवाडीत लावून सकाळी गावातल्या एखाद्या जीपवाल्याला किंवा मोटरसायकलवाल्याला वाघांब्याला सोडायला सांगायचं. असं केलं की गडाचे दोन्ही अंग दिसतात आणि दमलेल्या पायांना उलट फिरावं लागत नाही.

वाघांब्यातून खिंडीपर्यंत झाडीतून चढ, सवा-दीड तास. खिंडीत पोचल्यावर डावा-उजवा नीट बघून घ्या. दोन्ही कातळ अंगावर येतात, सालोटा टोकदार, साल्हेर रुंद. सालोटा इथूनच करता येतो, पण त्याची वाट घसाऱ्याची आहे, पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी ढासळलेल्या. सोबत गावातला माणूस असल्याशिवाय सालोट्याला हात लावू नका.

साल्हेरच्या बाजूला कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजात, मध्ये उभ्या कड्याच्या पोटातून आडवी वाट. या आडव्या वाटेवर एका हाताला ओळीने कोरलेल्या गुहा आणि दुसऱ्या हाताला सरळ दरी. वाट तशी रुंद आहे, पण पाठीवरची सॅक कड्याला घासून तुम्हाला बाहेर ढकलते, म्हणून सॅक लहान न्या. वर पठार लागतं, मग गंगासागर तलाव, रेणुकेचं मंदिर, राहण्याजोगी गुहा. इथे अर्धा तास बसा. माथा अजून वर दिसत असतो, शेवटची टेकडी चढायला वीस-पंचवीस मिनिटं.

माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आणि पादुका. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आलं, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. हवा स्वच्छ असेल तर सालोटा, मुल्हेर-मोरा-हरगड, मांगी-तुंगीची दोन टोकं, दक्षिणेला सप्तशृंगी आणि धोडपची ती खाच, सगळं एका फेरीत दिसतं. घरून निघताना नकाशावर या नावांवर खुणा करून न्या. वर उभं राहून एकेक डोंगर ओळखण्याचा आनंद मोठा असतो आणि मुलं त्यात तास घालवतात.

खाली बघाल तेव्हा १६७२ आठवा. मोगलांनी साल्हेरला वेढा घातला होता. शिवाजी महाराजांच्या हुकमाने प्रतापराव गुजर घाटावरून आणि मोरोपंत पिंगळे कोकणातून आले, दोन्ही फौजा इथे मिळाल्या आणि मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. डोंगराआडून छापा घालून निसटण्याची ही लढाई नव्हती, समोरासमोर झाली, म्हणून तिचं मोल वेगळं. सूर्यराव काकडे इथेच कामी आले. ती जमीन आज नाचणी, भात आणि कांद्याची आहे, आणि माथ्यावरून ती हाताच्या तळव्याएवढी दिसते.

पूर्ण फेरीला सात-आठ तास धरा. माणशी तीन लिटर पाणी न्याच. टाक्यांचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, गुहेत शेकोटी करू नका, आरडाओरडा आणि स्पीकर तर मुळीच नको. ड्रोन उडवू नका. माश्या उठल्या तर डोकं-तोंड कापडाने झाकून शांतपणे खाली सरकायचं, हात झाडायचे नाहीत. काही बरंवाईट झालंच तर १०८ला फोन लागेल अशी जागा माथ्यावर किंवा गावाजवळ शोधावी लागते, आणि रुग्णालयही लांब आहे. म्हणून वर जाताना गावात कुणाला तरी सांगून जा: किती जण आहोत, कुठल्या वाटेने उतरणार.

तिसरा डोंगर: मांगी-तुंगी

इथे वाट शोधायची नाही, हजारो बांधीव पायऱ्या आहेत. जैनांचं सिद्धक्षेत्र, पहाटेपासून यात्रेकरू चढत असतात, काही जण डोलीत. पहाटे साडेपाचला सुरुवात करा. आधी मांगीच्या गुहा, मग धारेवरून तुंगी. तुंगीच्या सुळक्याला फेरी घालता येते, ती चुकवू नका. २०१६ मध्ये इथे ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगराच्याच अखंड कातळात कोरून पुरी झाली. मूर्ती भव्य आहे यात शंका नाही. तरी मला विचाराल तर मांगीच्या कपारीतल्या हातभर उंचीच्या, झिजलेल्या जुन्या मूर्तींपुढे मी जास्त वेळ उभी राहते.

जेवायचं काय

आमच्या पट्ट्याला कसमादे म्हणतात: कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. बोली अहिराणी, चव झणझणीत. हॉटेलात बसलात तर शेवभाजी मागवाल, ती मिळेल, चांगली मिळेल. पण चांगली कशी ओळखायची ते सांगते. रस्सा काळ्या मसाल्याचा हवा, टोमॅटोने लाल केलेला नको. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर पार काळपट होईपर्यंत भाजून वाटलेलं असलं की रश्शाला तो रंग येतो. शेव लवंग घातलेली, जाड, तिखट. आणि ती ताटात वाढायच्या क्षणी रश्शात पडली पाहिजे. आधीच घालून ठेवलेली शेव फुगून लगदा होते, तशी आली तर दुसऱ्यांदा त्या हॉटेलात जाऊ नका.

घरी जेवणार असाल तर सकाळी गडाकडे निघतानाच सांगून जा, म्हणजे संध्याकाळी गरम ताट मिळतं. काय मागायचं? कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळून आणतात, त्याला कळणा म्हणतात. भाकरी करड्या रंगाची, थोडी चिवट, उडदाच्या खमंग वासाची. तिच्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. हिवाळ्यात सोबत वांग्याचं भरीत, कांद्याच्या पातीचं. दिवसभर साल्हेर उतरून आलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. डोंगरातल्या कोकणा घरांत नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं पातळ वरण मिळतं, साधं आणि पोटाला हलकं. पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर रानभाज्या मागा आणि जे पानात येईल ते खा, नावं नंतर विचारा.

मांसाहार करणाऱ्यांनी मटणाचं आदल्या दिवशीच सांगावं. गावात रोज बोकड कापत नाहीत. गावरान कोंबडीचा रस्सा मात्र दोन-तीन तासांत होतो. तिखट कमी हवं असेल तर फोडणीआधी बोला, ताट समोर आल्यावर काही करता येत नाही.

आणि मांडे. हे हॉटेलात शोधू नका. गव्हाची कणीक वस्त्रगाळ करून इतकी मळतात, इतकी तिंबतात की ती रबरासारखी ताणते. माझी मामी दोन लाट्यांमध्ये त्याच लाटीहून मोठा पुरणाचा गोळा ठेवते, कडा दाबून बंद करते, पोळपाटावर थोडं लाटते आणि मग पोळी उचलून दोन्ही कोपरांपर्यंत घेते. पुढचं सगळं काम हातांवर. ती हात असे फिरवते की पोळी मनगटावरून कोपराकडे आणि परत येत येत पसरत जाते, परातीपेक्षा मोठी होते, पुरण आतून दिसायला लागतं, पण फाटत नाही. चुलीवर मातीचं खापर पालथं तापत असतं. त्यावर ती एका झटक्यात पसरते. सुरकुती पडली तर मामी बोलायची थांबते, इतकं तिचं त्यात मन असतं. भाजली की तिथल्या तिथे घडी. वर तूप, बाजूला दूध किंवा उन्हाळ्यात आमरस, आणि त्या गोडावर घोट घ्यायला तिखट सार.

मांडे खायचे तर आखाजीला या, म्हणजे अक्षय्यतृतीयेला. त्या सणाला लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, घराघरांत खापर चुलीवर चढलेलं असतं. उन्हाचा तडाखा असतो, डोंगर चढायचे दिवस नव्हेत ते. पण कुण्या बागलाणकराशी ओळख असेल तर त्याच्या घरी निर्धास्त जा. "जेवाले बसा" म्हटल्यावर नाही म्हणायचं नाही, आणि एक मांडा खाऊन उठायचं नाही.

परतीचा रस्ता

आलात त्याच रस्त्याने जाऊ नका. सटाण्याहून कळवणला या, तिथून नांदुरी आणि वणीमार्गे दिंडोरी, नाशिक. नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर गाडी जाते. पायऱ्या चढवत नसतील तर वर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्र-चैत्रात मात्र रांगा मोठ्या. चैत्रात खान्देशातले हजारो लोक पायी गडावर येतात, त्या दिवसांत हा रस्ता चालणाऱ्यांचा असतो, तेव्हा गाडीवाल्यांनी सोग्रसकडूनच जावं.

वाकडी वाट करायला अर्धा दिवस असेल तर देवळाण्याचं जोगेश्वर महादेव मंदिर बघा. गाव सटाण्याच्या पूर्वेला, बागलाणातच. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं इतकी रेखीव आहेत की ती एवढ्या लहान गावात, एवढ्या शांततेत उभी असल्याचं नवल वाटतं.

घरी न्यायला डाळिंब घ्या, बागेवरून मिळालं तर उत्तमच. ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड घरोघरी केलेले असतात, जिथे राहिलात तिथेच विचारा. काळा मसालाही तिथूनच घ्या. पिशवी दुहेरी बांधून डिकीत ठेवा, नाहीतर गाडीला पुढचे पंधरा दिवस त्याचाच वास येतो. आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांचा फोन नंबर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला न्हावीगड, पिसोळ, चौल्हेर आणि नेढ्याचा, म्हणजे कातळात आरपार भोक असलेला, पिंपळा बाकी आहेत, त्या वाटा नकाशावर नाहीत, त्यांनाच ठाऊक आहेत.